टायरच्या आत, ट्यूबच्या बाहेर

हवालदारांनी जन्मात कधी पोलिसाचा गणवेश अंगावर चढवला नव्हता. शाळेसमोरच्या कोपऱ्यावर एकेचाळीस वर्षं बसून त्यांनी हवा भरली, एवढ्यावरून लोकांनी त्यांना हवालदार करून टाकलं होतं. पंक्चर काढणं हा त्यांचा धंदा, आणि आपल्याइतकं पंक्चरातलं जगात कुणाला कळत नाही ही त्यांची श्रद्धा. "बहुतेक मागच्या चाकात असेल," असं एखादं गिऱ्हाईक चुकून म्हणालं, तर हवालदार चाकाकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघत आणि म्हणत, "मग तुम्हीच काढा की."

दुकान म्हणजे चार पत्रे, एक खोकणारा कॉम्प्रेसर आणि पाण्याचं घमेलं. ट्यूब फुगवायची, घमेल्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. तिथे खूण करायची, पुसून कोरडं करायचं, कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची आणि ठिगळ दाबून बसवायचं. मग ट्यूबला वरून पांढरी पावडर चोळायची, म्हणजे ती टायरला चिकटत नाही. ही पावडर लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून हॉस्पिटलात वाद होणार आहे.

भोक दिसलं की बुजवायचं, हे हवालदारांच्या हातात इतकं भिनलं होतं की सुटीच्या दिवशीही त्यांचे हात शिवशिवत. छत्रीचं भोक, बादलीचं भोक, भिंतीतला खिळा निघाल्यावर उरलेलं भोक, काहीही चाले. एकदा घरी आलेल्या पाहुण्याचा बूट त्यांनी न विचारता दुरुस्त केला होता. तो बूट मुळातच जाळीचा होता, हे पाहुण्यानं जाताना सांगितलं. शर्टाच्या खिशात व्हॉल्व्हच्या चार-दोन रबरी टोप्या कायम असत, धुवायला टाकलेल्या शर्टातसुद्धा.

बायकोही त्यांना तोडीस तोड मिळाली होती. ती पोस्टात पार्सलच्या काउंटरवर बसायची आणि सगळे तिला पार्सलबाई म्हणत. गाठ सैल दिसली, कागद दुमडलेला दिसला, पत्त्यात खाडाखोड दिसली, की पार्सल परत. मोठमोठे व्यापारी त्या काउंटरपुढे शाळकरी पोरासारखे उभे राहत. रिटायर झाल्यावर पोस्टातल्या लोकांनी त्यांना निरोप दिला, तो जरा जास्तच उत्साहानं दिला, असं हवालदारांचं म्हणणं होतं.

या दोघांना मूल झालं नाही. त्यांनी एक भांडण मात्र अडतीस वर्षं वाढवलं, आणि ते चांगलं धष्टपुष्ट झालं होतं. पलंगाच्या उशाशी रस्त्यावर उघडणारी एक खिडकी होती. हवालदार सकाळी उठले की ती उघडत, कारण हवा. पार्सलबाई आंघोळ करून आल्या की ती लावत, कारण धूळ. मग सुरू. त्यात दोन्हीकडच्या सासवा यायच्या, लग्नात हरवलेली ट्रंक यायची, पोस्टातली बढती यायची. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणत, "आमच्याकडे घड्याळ नसलं तरी चालतं, वर खिडकी वाजली की साडेसात."

गेल्या वर्षी हवालदारांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. हवेच्या माणसाला नेमका तिथेच, म्हणजे नशिबालाही थोडी विनोदबुद्धी असावी. दुकान भाच्याकडे गेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिने बरे गेले. मग दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग मोरीपर्यंत जाताना, मग नुसतं शर्ट घालताना. आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटे, म्हणून हवालदार आरामखुर्चीत बसूनच झोपू लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाक्य पुरं होईना. चार शब्दांवर श्वास संपायचा.

"अगं, हवा ही माणसाला..." एवढं म्हणून ते थांबत, तोंड उघडून श्वास ओढत, आणि पुढचं वाक्य तोवर शिळं झालेलं असे.

एका सकाळी पार्सलबाई आंघोळ करून आल्या. त्यांनी उघड्या खिडकीकडे बघितलं. हवालदार खुर्चीत सावरून बसले, म्हटलं आता होणार. पार्सलबाई म्हणाल्या, "राहू दे उघडी. तुम्हाला बरं वाटतं ना." आणि त्या शांतपणे केस विंचरायला लागल्या.

डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं तेव्हा हवालदार इतके घाबरले नव्हते. बायकोनं भांडण सोडलं याचा अर्थ एकच होता: तिनं त्यांना मनातल्या मनात पोचवून टाकलं होतं.

छातीचे डॉक्टर वयानं तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "हे फुप्फुस. ही बाहेरची छातीची भिंत. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो, भिंतीला आतून दुसरा. दोघांच्या मधे एरवी जेमतेम ओलावा असतो. कॅन्सरमुळे तिथे पाणी साठलंय. फुप्फुसात नाही, फुप्फुसाच्या बाहेर. त्यामुळे फुप्फुस दाबलं जातंय."

हवालदारांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "म्हणजे पाणी टायरच्या आत... पण ट्यूबच्या बाहेर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर. अगदी तसंच."

"मग एवढं चित्र... कशाला काढलं?"

पाठीतून सुई घालून डॉक्टरांनी सव्वा लिटर पाणी काढलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. त्या दिवशी हवालदार स्वतःच्या पायांनी जिना चढले आणि त्यांनी भाच्याला फोन करून पाच मिनिटं न थांबता झापलं. दहा दिवसांनी पाणी पुन्हा भरलं. "पंक्चर न काढता नुसती हवा भरली, तर दुसरं काय होणार," असं त्यांचं मत पडलं, पण ते सांगायला त्यांना तीन श्वास लागले.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतलं. बेत असा, की बरगड्यांमधून नळी घालून सगळं पाणी हळूहळू काढायचं. फुप्फुस फुलून भिंतीला टेकलं, की नळीतून पावडर आत सोडायची. त्यानं दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला साठायला जागाच राहत नाही.

"कसली पावडर?" हवालदारांनी विचारलं.

"टाल्क. टाल्कम पावडरची शुद्ध केलेली..."

"डॉक्टर." हवालदार उशीवरून उठायला लागले. "ती पावडर चिकटू नये... म्हणून लावतात. चिकटावं म्हणून नाही. एकेचाळीस वर्षं..."

"टायरमध्ये तसंच असेल, काका. पण शरीराला ती पावडर खुपते. आतून सूज येते, आणि सूज आली की पडदे चिकटतात."

हवालदारांना हे पटलं नाही, पण रबराला सूज येत नाही हा मुद्दा त्यांना मान्य करावा लागला.

नळी घातली. ती पलंगाशेजारी खाली ठेवलेल्या एका बाटलीत गेली होती. बाटलीत थोडं पाणी, नळीचं टोक त्या पाण्यात बुडलेलं, आणि बाटलीच्या झाकणाला आणखी एक आखूड नळी, वरून सताड उघडी. छातीतलं पाणी बाटलीत उतरत होतं. हवालदार कुशीवर वळून बघत बसले, आणि खोकला आला तेव्हा त्यांना बाटलीत बुडबुडे दिसले.

बुडबुडे! हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. बुडबुडे म्हणजे गळती. त्यांनी नजरेनं नळी तपासली, जोड तपासले, आणि मग त्यांना झाकणावरची ती आखूड नळी दिसली. उघडी! कुणाचंही लक्ष नाही! एवढं मोठं हॉस्पिटल, आणि बाटलीला भोक तसंच ठेवलेलं. पलीकडच्या खुर्चीत पार्सलबाईंचा डोळा लागला होता. हवालदारांनी उशाजवळचा शर्ट ओढला, खिशातून व्हॉल्व्हची टोपी काढली, हात लांब करून ती त्या नळीवर बसवली. माप अगदी चपखल बसलं. थोड्या वेळात बुडबुडे थांबले. हवालदारांनी समाधानानं डोळे मिटले.

पाणी उतरायचंही थांबलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासात छाती आवळून आली, खोकला थांबेना, ओठ काळसर दिसायला लागले. पार्सलबाई दचकून उठल्या आणि पोस्टातल्या आवाजात ओरडल्या, "सिस्टर!"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी छातीपासून बाटलीपर्यंत नळीवरून हात फिरवला आणि टोपी बघितली. ती काढताच फुस्स आवाज झाला, आणि बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली. फुस्स आवाज हवालदारांनी हजारो वेळा ऐकला होता, पण स्वतःच्या छातीतून कधी ऐकला नव्हता.

"काका, हे कुणी लावलं?"

हवालदार खोकत होते. टोपीच सगळं सांगत होती.

"हे उघडंच ठेवायचं असतं! आतली हवा आणि पाणी बाहेर यायला वाट नको का? मुद्दाम ठेवलेलं भोक आहे ते!"

वॉर्डातले सगळे पेशंट माना वळवून बघत होते. समोरच्या पलंगावरचा ट्रकवाला तर सलाइनसकट उठून बसला होता. एकेचाळीस वर्षांची अब्रू बाटलीत गेली. पण हवालदारांचं लक्ष वॉर्डाकडे नव्हतं. ते बायकोकडे बघत होते. असल्या मूर्खपणावरून या बाईनं पूर्वी वर्षभर भांडण काढलं असतं. जाळीच्या बुटाचा विषय तर अजून निघायचा. पार्सलबाईंनी फक्त त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे. चुकून झालं."

हवालदारांना रडू आलं. बाकीच्यांना ते खोकल्यानं आलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक्सरे निघाला. डॉक्टर तो घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की बातमी वाईट, एवढं वर्षभरात हवालदारांना कळलं होतं.

"पाणी गेलंय, पण फुप्फुस पूर्ण उघडत नाहीये. बरेच दिवस दबून राहिल्यामुळे त्याच्यावर साल धरल्यासारखं झालंय. खालचा भाग भिंतीपर्यंत पोचत नाही."

"म्हणजे टेकत नाही. टेकल्याशिवाय ठिगळ... बसणार नाही. पावडर गेली उडत."

"हो. पावडरचा उपयोग होणार नाही." डॉक्टरांनी पिशवीतून एक मऊ, पांढरी नळी काढली. "ही आम्ही कातडीखालून थोडी फिरवून छातीत बसवतो. टोक बाहेर राहतं, त्याला व्हॉल्व्ह असतो. एक दिवसाआड घरीच बाटली जोडायची आणि पाणी काढायचं. सिस्टर घरच्या माणसाला शिकवतील. दम कमी होईल. हॉस्पिटलात सारखं यावं लागणार नाही."

"आणि काढणार कधी?"

"काहींची निघते. तुमची बहुधा राहील."

"किती दिवस?"

"महिने," डॉक्टर म्हणाले. "वर्ष धरून चालू नका."

हवालदारांनी भिंतीकडे तोंड केलं. महिने हा शब्द त्यांना लागलाच, पण त्याहून भोक हा शब्द जास्त लागला. शहरातली सगळी भोकं बुजवून झाल्यावर शेवटी स्वतःच भोक घेऊन घरी जायचं! "नको," ते म्हणाले. "बुजवता येत असेल तर बुजवा. नाहीतर राहू द्या."

डॉक्टर गेले. पार्सलबाई खुर्चीत घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत बसल्या. हवालदारांनी त्यांच्याकडे बघितलं आणि शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. त्यांच्याकडे एक हत्यार होतं, जे अडतीस वर्षांत कधी वाया गेलं नव्हतं.

"तुझ्या आईनं," ते म्हणाले, "ती ट्रंक... मुद्दामच..."

छातीतली नळी टोचली आणि श्वास संपला. ते तोंड उघडून ओढत राहिले. पार्सलबाईंनी टॉवेल खाली ठेवला.

"मुद्दामच हरवली," त्यांनी वाक्य पुरं केलं. "असेल. तुमचंच खरं असेल."

हे मात्र फार झालं. अडतीस वर्षं हवालदार हे वाक्य ऐकायला तडफडत होते, आणि आता ऐकल्यावर त्यांना ते घशात अडकलेल्या काट्यासारखं वाटलं. असं बायकोकडून फुकटचं जिंकत महिने काढायचे? त्यापेक्षा भोक परवडलं. त्यांनी उशाची घंटा दाबली ती सिस्टर येईपर्यंत सोडली नाही.

"डॉक्टरांना बोलवा. नळी बसवा म्हणावं. पण व्हॉल्व्ह आधी... मी बघणार."

व्हॉल्व्ह त्यांनी पंधरा मिनिटं बघितला. एकाच बाजूनं उघडणारा, बाहेरून हवा आत न घेणारा, काम स्वच्छ. "चांगलाय," असा शेरा त्यांनी दिला, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखा आनंद दिसला.

सिस्टरांनी पार्सलबाईंना शिकवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे. हातमोजे घालायचे. जुनी टोपी काढायची, टोक पुसायचं, बाटली जोडायची, नळीवरचा चिमटा हळूहळू सोडायचा. एका वेळी लिटरपेक्षा जास्त नाही. खोकला आला किंवा छातीत दुखलं की थांबायचं. नवी टोपी लावायची, गॉझ, पट्टी. ताप आला किंवा नळीभोवती लाल झालं तर फोन. पार्सलबाईंनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा स्वतः केलं आणि तिसऱ्यांदा सिस्टरांचीच चूक काढली, कारण पट्टीचा एक कोपरा दुमडला होता.

घरी आल्यावर पहिलं पाणी काढलं ते मंगळवारी सकाळी. पलंगावर धुतलेली चादर, ताटात गॉझ आणि मोजे मांडलेले, हवालदार उशांना टेकून बसलेले आणि खिडकी सताड उघडी.

"जोड आधी घट्ट..." हवालदारांनी सुरुवात केली.

पार्सलबाईंनी ऐकलं नाही. बाटली जोडली, चिमटा सोडला. फिकट चहाचा रंग नळीतून सरकत बाटलीत उतरू लागला. दोनशे. चारशे. हवालदार बाटलीवरच्या रेघा मोजत होते. सहाशेला त्यांच्या खांद्यांचा ताण सुटला. सातशेच्या पुढे खोकला आला आणि पार्सलबाईंनी चिमटा दाबला.

"अजून थोडं येईल," हवालदार म्हणाले.

"पुरे."

"अगं, लिटरपर्यंत चालतं, सिस्टरांनी..."

"खोकला आला की थांबायचं, हेही सिस्टरांनीच सांगितलं. पुरे म्हणजे पुरे."

त्या नव्या टोपीसाठी ताटाकडे वळल्या, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी सतरंजी झटकली. उन्हात धुळीचा लोट उठला, खिडकीतून आत आला आणि उघड्या गॉझवर, मोज्यांवर, त्या स्वच्छ मांडलेल्या ताटावर सावकाश बसला. पार्सलबाई त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाटातून दुसरं पाकीट काढलं, नवे मोजे घातले, नवी टोपी लावली, पट्टी चिकटवली, चारही कोपरे दाबले. मोजे काढून फेकले. आणि चालत जाऊन खिडकी अशी आपटली, की खालच्या मास्तरांनी नक्की घड्याळाकडे बघितलं असणार.

हवालदारांनी श्वास घेतला. तो आत गेला, आणखी आत गेला, बरेच दिवस बंद असलेल्या जागेपर्यंत गेला.

"अगं, एकेचाळीस वर्षं मी या गावाला हवा पुरवली, सायकलीला, स्कूटरला, त्या समोरच्या शाळेच्या फुटबॉललासुद्धा, आणि माझ्याच घरात, माझ्याच उशाशी, माझ्या छातीतलं पाणी आत्ता कुठे खाली उतरलं असताना तू हवेच्या तोंडावर खिडकी आपटतेस, आणि तीही कुठल्या धुळीसाठी, तर जी तुझ्या आईनं दिलेल्या त्या कपाटावर आपण लग्न करून आलो त्या दिवशीसुद्धा होती!"

एका दमात. शेवटच्या शब्दापर्यंत.

पार्सलबाईंचा हात खिडकीच्या कडीवरच होता. त्यांनी वळून बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि नाकपुड्या फुगल्या होत्या, आणि यातलं आधी काय बाहेर पडणार हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

"आईच्या कपाटाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाटलीला टोपी लावणाऱ्यानं तर मुळीच नाही! सगळ्या वॉर्डासमोर! ट्रकवाला हसत होता तुम्हाला!"

"तेव्हा का नाही बोललीस मग?"

"कुणाशी बोलू? चार शब्दांत तुमचा जीव जात होता! मी दहा बोलायचे आणि तुम्ही नुसतं तोंड उघडून बघायचं, ते भांडण असतं का? दोन महिने ती खिडकी मला टोचत होती. रोज कपाट पुसून मी पोस्टाचा हिशेब करावा तशी गप्प बसत होते. तुम्ही मरणार म्हणून नाही हो गप्प बसले. तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं म्हणून!"

हवालदारांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "पोस्टात तरी तू कधी गप्प बसली होतीस?"

त्यानंतर ट्रंक निघाली, बढती निघाली, जाळीचा बूट निघाला. भांडण हवालदार हरले. खिडकी बंदच राहिली, आणि ते पलंगावर आडवे पडून, बऱ्याच दिवसांनी पाठ टेकून, जेवायच्या वेळेपर्यंत घोरले.

महिन्याभरानं दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "दम कसा आहे? जिना किती चढता?"

"जिन्याचं सोडा," हवालदार म्हणाले. "हिला विचारा."

"काल पाऊण तास," पार्सलबाई म्हणाल्या. "सलग."

"काय पाऊण तास?"

"खिडकी."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं. "मधे दम लागला का?"

"दोनदा लागला," पार्सलबाई म्हणाल्या. "तेव्हा मी थांबले."

"म्हणजे भांडण! आणि तुम्ही माघार घेतली?"

"माघार कशाला घेऊ? थांबले. यांचा श्वास परत आला, मग पुढे सुरू केलं."